मार्शमॅलो चाचणी : प्रयोग, दावा आणि वैधता

लहान मुलाला समोरचा खाऊ न खाता किती वेळ थांबता येते, हे पाहण्यासाठी मानसशास्त्रात वापरली जाणारी प्रयोगपद्धती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल (1930–2018) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस ती घडवली. ‘जे मूल थांबते ते पुढे आयुष्यात यशस्वी होते’ हा दावा तिच्या नावावर जगभर सांगितला जातो. पालकत्वावरची व्याख्याने, शिक्षकांची प्रशिक्षणे आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश यांतून तो मराठी घरांतही रुळला आहे. संशोधनातला दावा कसा तपासायचा हे शिकण्यासाठी ही चाचणी फार उपयोगी पडते. मूळ प्रयोगांनी एक गोष्ट भक्कमपणे दाखवली होती आणि प्रसिद्धी मात्र दुसऱ्याच गोष्टीला मिळाली.

मूळ प्रयोग

स्टॅनफर्डच्या आवारातील बिंग नर्सरी स्कूलमध्ये साधारण साडेतीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांना एकेकटे एका खोलीत नेले जाई. टेबलावर खाऊ असे: कधी मार्शमॅलो, म्हणजे साखर आणि जिलेटिनची मऊ, फुगीर मिठाई, कधी बिस्किट किंवा खारे प्रेट्झेल. शेजारी एक घंटी. संशोधक मुलाला सांगे की मी बाहेर जातो; मी आपण होऊन परत येईपर्यंत थांबलास तर जास्त आवडीचा किंवा जास्त खाऊ मिळेल; थांबवत नसेल तर घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग कमीच मिळेल. कमाल वेळ बहुधा 15 मिनिटांची असे, काही प्रयोगांत 20. मूल किती वेळ तग धरते, एवढीच नोंद होई.

कोणते मूल थांबते, हा तेव्हा मिशेल यांचा मुख्य प्रश्न नव्हता. थांबणे कशामुळे जमते, याचा त्यांना शोध होता. एबे एबेसन यांच्याबरोबर 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 32 मुले होती. खाऊ डोळ्यांसमोर असला तर मुलाला धीर येईल आणि ते जास्त थांबेल, असा दोघांचा अंदाज होता. घडले उलटे. दोन्ही प्रकारचा खाऊ समोर ठेवला तेव्हा मुले सरासरी सुमारे एक मिनिट थांबली. सगळाच नजरेआड केला तेव्हा अकरा मिनिटांहून अधिक. 1972 च्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. ‘काहीतरी गमतीचे आठव’ असे सांगितलेली मुले खाऊ समोर असूनही बराच वेळ थांबली; खाऊचाच विचार करायला सांगितलेल्यांचा धीर लवकर सुटला.

हे निष्कर्ष का पटतात? कोणत्या मुलाच्या वाट्याला कोणती परिस्थिती येणार, हे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे, ठरवले होते. हुशार, सुखवस्तू घरातली किंवा मुळातच शांत मुले एकाच गटात गोळा होण्याची शक्यता त्यामुळे कमी झाली आणि गटागटांत दिसलेला फरक परिस्थितीच्या खात्यावर टाकता आला. प्रयोगात दिसलेला परिणाम खरोखर आपण बदललेल्या घटकामुळेच झाला, असे म्हणता येणे म्हणजे आंतरिक वैधता. तो परिणाम इतर माणसांना, इतर ठिकाणी लागू पडणे म्हणजे बाह्य वैधता. हा भेद डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1957 मध्ये मांडला. बिंगमधले सुरुवातीचे प्रयोग पहिल्या कसोटीवर चांगले उतरतात, आणि त्यांचे हे श्रेय नंतरच्या वादात हरवू नये.

दावा कसा फुगला

मिशेल यांच्या तिन्ही मुली बिंगमध्येच शिकल्या. वर्गमित्रांचे कसे चालले आहे, हे घरी सहज बोलण्यात येई. त्यातून मिशेल यांच्या लक्षात आले की लहानपणी थांबण्याचा वेळ आणि पुढची प्रगती यांचा काही मेळ दिसतो आहे. मग पाठपुरावा सुरू झाला. युइची शोडा, मिशेल आणि फिलिप पीक यांचा 1990 चा शोधनिबंध हा या साऱ्या कीर्तीचा आधार. प्रयोगांत भाग घेतलेल्या 653 मुलांपैकी काहींच्या पालकांनी प्रश्नावली भरून पाठवली, त्यातल्याही काहींनीच महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेचे गुण कळवले. खाऊ समोर होता आणि कोणतीही युक्ती शिकवलेली नव्हती, अशा परिस्थितीतली मुले त्यातून वेगळी काढली. उरली 35. या 35 मुलांत थांबण्याचा वेळ आणि एसएटीचे गुण यांचा सहसंबंध भाषेसाठी 0.42 आणि गणितासाठी 0.57 निघाला. खाऊ झाकलेला असताना किंवा युक्ती सांगितलेली असताना असा संबंध दिसला नव्हता.

सहसंबंध 0 असला तर दोन गोष्टींचा काहीच मेळ नाही आणि 1 असला तर पूर्ण मेळ. मानसशास्त्रात 0.57 हा आकडा मोठाच. पण तो 35 जणांवर आधारलेला होता आणि एवढ्या छोट्या नमुन्यात चारदोन मुलांमुळेही आकडा बराच वरखाली होतो. नमुना लहान असल्याने खरा संबंध याहून कमी असू शकेल, असे लेखकांनी त्याच निबंधात बजावले होते. शिवाय ही मुले बहुतांशी विद्यापीठातले प्राध्यापक आणि विद्यार्थी यांची होती. लोकप्रिय लेखनात गोष्ट शिरली तेव्हा 35 हा आकडा गळाला, लेखकांचा इशारा गळाला, आणि राहिले ते ‘संयम म्हणजे यश’ एवढेच.

येथे एक सूक्ष्म अदलाबदल झाली आहे. यदृच्छ विभागणीमुळे मिळणारी खात्री 1970 च्या निष्कर्षांना होती. 1990 च्या संबंधाला ती मिळत नाही. कोणत्या मुलाने जास्त थांबायचे, हे संशोधकांनी ठरवलेले नव्हते. घरची परिस्थिती, आईवडिलांचे शिक्षण, मुलाची आकलनशक्ती यांपैकी कशामुळेही थांबणे आणि गुण दोन्ही वाढू शकतात. खोली तीच, घंटी तीच आणि संशोधकही तेच असल्यामुळे वाचकाला वाटते की पुरावाही त्याच तोलाचा आहे.

थांबण्याच्या वेळेतून काय मोजले जाते?

ली क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी 1955 च्या निबंधात रचना-वैधतेची कल्पना मांडली. आत्मसंयम, बुद्धिमत्ता, चिंता यांसारख्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ते वागणे. त्या वागण्यातून आपण म्हणतो तीच गोष्ट मोजली जाते का, हा प्रश्न या वैधतेचा. वैध किंवा अवैध असतो तो चाचणीतून काढलेला अर्थ, असे क्रॉनबाख यांनी पुढे आग्रहाने सांगितले. मला मार्शमॅलो चाचणीच्या संदर्भात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘ही चाचणी खरी की खोटी’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘पाच मिनिटे थांबला म्हणजे संयमी’ या वाक्याला पुरावा मागता येतो.

तो पुरावा मागण्याचे काम रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये केले. मुलांना चित्र काढायला बसवले. समोर वापरून झिजलेले खडू. थांबलास तर याहून चांगले सामान आणते, असे संशोधिका सांगे. निम्म्या मुलांना तिने खरोखर भरपूर साहित्य आणून दिले. उरलेल्यांकडे ती हात हलवत परत आली आणि ‘अरे, आपल्याकडे ते नाहीच’ म्हणाली. पुढे स्टिकरच्या बाबतीतही तेच. त्यानंतर मार्शमॅलो. शब्द पाळलेल्या गटातली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, शब्द मोडलेल्या गटातली तीन मिनिटे. पूर्ण 15 मिनिटे थांबणारी पहिल्या गटातल्या 14 पैकी 9 होती, दुसऱ्यात 14 पैकी 1. एकूण 28 मुलांचा हाही लहानच प्रयोग, त्यामुळे त्यातल्या नेमक्या मिनिटांवर फार भार टाकू नये. पण ज्या मोठ्या माणसाने आत्ताच दोनदा फसवले, त्याच्या तिसऱ्या वचनावर भरवसा न ठेवणे हा मुलाचा शहाणपणा आहे. त्याला दुबळी इच्छाशक्ती म्हणणे त्या मुलावर अन्याय करणारे आहे.

गंमत म्हणजे मिशेल यांच्या पहिल्या अभ्यासात हा धागा होताच. 1950 च्या दशकात त्यांनी त्रिनिदादमधील एका खेड्यात आफ्रिकी वंशाच्या आणि भारतीय वंशाच्या, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांच्या कुळातल्या, मुलांना विचारले होते: एक सेंटची गोळी आत्ता हवी की दहा सेंटची आठवड्याने? 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वडील घरात नसण्याचा आणि लगेच मिळणारी गोळी निवडण्याचा संबंध दिसला. वचन देणाऱ्यावरचा विश्वास हा मिशेल यांच्या पुढच्या विचारातही कायम राहिला.

संस्कृतीप्रमाणेही थांबण्याचा अर्थ बदलतो. 2018 मध्ये बेटिना लॅम आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधील न्सो शेतकरी कुटुंबांतली आणि जर्मनीतील मध्यमवर्गीय घरांतली चार वर्षांची मुले पाहिली. न्सो मुलांपैकी सुमारे 70 टक्के शेवटपर्यंत थांबली, जर्मन मुलांपैकी 28 टक्के. जर्मन मुले चुळबुळ करत, गाणी म्हणत वेळ काढत होती. न्सो मुले शांत बसून होती, काही तर चक्क झोपी गेली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात जपानी मुले खाऊसाठी जास्त थांबली, तर अमेरिकी मुले कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी. जपानमध्ये सगळ्यांची पाने वाढून होईपर्यंत थांबायची सवय लावतात, अमेरिकेत भेट ठरल्या वेळीच उघडायची. नैवेद्य दाखवल्याशिवाय मोदकाला हात न लावणारे आपल्याकडचे मूल बघितले की हे लगेच उमगते. तेच मूल दुकानातल्या खेळण्यासाठी हटून बसलेलेही आपण पाहतो.

मोठ्या नमुन्यावर

टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी 2018 मध्ये 918 मुलांची माहिती तपासली. ही मुले अमेरिकेतील एका दीर्घकालीन बालविकास अभ्यासातली होती आणि मुख्य विश्लेषण आईकडे महाविद्यालयीन पदवी नसलेल्या मुलांवर केले होते. येथे कमाल वेळ सात मिनिटांचीच होती. चौथ्या वर्षीचे थांबणे आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध याही वेळी आढळला, पण मूळ अभ्यासांच्या निम्माच. घरची परिस्थिती, लहानपणीची आकलनशक्ती आणि घरातले वातावरण हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला. वर्तनाच्या समस्यांशी तर जवळजवळ काहीच संबंध उरला नाही. शिवाय गुणांतला बराचसा फरक पहिल्या 20 सेकंदांतच दिसत होता: तेवढेही न थांबलेली मुले आणि बाकीची मुले असा तो फरक होता. दीर्घ संयमाच्या कहाणीला हे जड जाते.

‘मार्शमॅलो चाचणी खोटी ठरली’ अशा बातम्या लगेच झळकल्या. त्याही घाईच्याच होत्या. सबीन डोबेल, लॉरा मायकेलसन आणि युको मुनाकाता यांनी 2020 मध्ये आक्षेप घेतला तो असा: आकलनशक्ती किंवा घरातले वळण हे थांबण्याच्या क्षमतेचेच घटक असतील, तर ते वजा करताना आपण मोजायची गोष्टच वजा करतो. कोणते घटक नियंत्रित करायचे, हे आकडेमोड ठरवत नाही. कोण कशाचे कारण आहे याबद्दलची आपली समजूत ते ठरवते. म्हणून दोन्ही बाजूंना त्याच आकड्यांतून वेगळे अर्थ काढता आले.

पुढचा पुरावा मात्र एकाच दिशेने जातो. बिंगच्या मूळ विद्यार्थ्यांपैकी 113 जणांची चाळिशीतली माहिती घेऊन डॅनियल बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2020 मध्ये आला. विश्लेषण कसे करायचे ते आधीच नोंदवून ठेवले होते, म्हणजे आकडे पाहून सोयीचा मार्ग निवडायला वाव नव्हता. बालवयातल्या थांबण्यावरून संपत्ती, शिक्षण अशा मध्यमवयीन स्थितीचा अंदाज बांधता आला नाही. सहलेखकांत मिशेल, शोडा आणि पीक यांची नावे आहेत, ही गोष्ट आदराने नोंदवावी अशी. 2024 मध्ये 26 वर्षांच्या 702 तरुणांवरच्या अभ्यासातही चाचणीला प्रौढ जीवनाचा भरवशाचा अंदाज देता आला नाही.

एका मुलापुरते बोलायचे तर गणित अधिकच स्पष्ट आहे. 2018 च्या अभ्यासात, इतर काहीही वजा करण्याआधी, पदवी नसलेल्या मातांच्या मुलांत हा सहसंबंध 0.28 होता. त्याचा वर्ग (0.28 × 0.28) सुमारे 0.08. म्हणजे मुलामुलांच्या प्रगतीत जो फरक असतो, त्यापैकी जेमतेम 8 टक्के भागाची सांगड थांबण्याशी लागते आणि 92 टक्के दुसरीकडे राहतो. ताटलीतला लाडू, समोर मोबाइलचा कॅमेरा आणि दाराआड उभे आईबाबा अशा घरगुती चाचणीतून एखाद्या मुलाचे भविष्य सांगायला एवढा आधार पुरत नाही.