चिमूट मिटायची तर कोपर वाकवा

मानेतल्या मज्जारज्जूला इजा होऊन बोटं लुळी पडली, तरी कित्येकदा खांदा हलतो, कोपर वाकतं. इजेच्या वरून निघणाऱ्या नसा शाबूत असतात. नर्व्ह ट्रान्सफरमध्ये सर्जन मज्जारज्जूला हातच लावत नाहीत. वरच्या नसेची एक शाखा उसनी घेऊन ती बोटांच्या नसेला जोडतात.

कोपर वाकवायला बायसेप्स हा स्नायू असतो आणि त्याच्याखाली दडलेला ब्रेकिअ‍ॅलिसही. एकावर काम भागतं. म्हणून ब्रेकिअ‍ॅलिसकडे जाणारी नसेची शाखा कापतात, अंगठा आणि तर्जनीकडे जाणारा धाग्यांचा पदर मुख्य नसेतून सोडवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाक्यांनी दोन्ही शिवतात.

पण ही काही वायर नव्हे, की जोडली आणि दिवा लागला. कापलेल्या नसेच्या पुढच्या भागातले जुने धागे झडून जातात, उरतात पोकळ नळ्या. त्यांतून नवे धागे दिवसाला साधारण 1 मिलिमीटर सरकतात. अंतर 20 सेंटीमीटर धरलं, तर 200 दिवस! तोवर स्नायूने तग धरायला हवा. नसच तुटली असेल, तर साधारण 12 ते 18 महिन्यांत स्नायू नवी नस स्वीकारेनासा होतो. मज्जारज्जूच्या इजेत मात्र इजेच्या खालच्या चेतापेशी बहुधा जिवंत असतात; मेंदूचा हुकूम पोचत नसला, तरी त्या स्नायूला धरून राहतात. त्यामुळे अशा स्नायूंसाठी उशिरानेही शस्त्रक्रिया करता येते.

पुढचा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. मेंदूच्या लेखी ती शाखा अजून कोपराचीच असते. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगतात, ‘कोपर वाकवा’, आणि अंगठा हलतो. (दंडाच्या नसेला बरगड्यांमधली, श्वासाच्या स्नायूंची नस जोडली, तर सुरुवातीला कोपर वाकवायला दीर्घ श्वास घ्यावा लागतो.) शेकडो वेळा घोकल्यावर मेंदू नवा पत्ता शिकतो आणि चिमूट कोपराशिवाय मिटू लागते.

2019 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या 16 तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यावर एकूण 59 ट्रान्सफर केल्या होत्या. काहींच्या बाबतीत त्यांच्या जोडीला कंडराही (स्नायूला हाडाशी बांधणारे दोर) वळवले होते. 59 पैकी 4 नर्व्ह ट्रान्सफर फसल्या. दोन वर्षांनी बहुतेकांना स्वतःच्या हाताने जेवणं, दात घासणं, लिहिणं, नोटा हाताळणं जमू लागलं होतं.