प्रमुख याजकाच्या पायाला दोरी बांधत नसत

परमपवित्रस्थानात, म्हणजे प्राचीन यहुदी मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनात, प्रमुख याजक मेला तर ओढून काढता यावा म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधत, असं प्रवचनांतूनही सांगितलं जातं. बायबलमध्ये ही दोरी नाही.

आधी निर्गम 28:33-35 वाचा. सोन्याची घुंगरं याजकाच्या निळ्या झग्याच्या घेराला, डाळिंबांच्या मधे. मग लेवीय 16:4 : वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, आत जाताना साधी तागाची वस्त्रं. म्हणजे त्या वेळी घुंगरं अंगावर नसतच; ‘घुंगरं थांबली की तो मेला, ओढा’ हा कथेतला भागही जुळत नाही. शिवाय मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहानुसार यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरात दोन पडदे होते, मधे हातभर वाट. बाहेरचा दक्षिणेकडून उघडा, आतला उत्तरेकडून. अशा वळणातून देह ओढणार कसा?

दोरीचा उल्लेख येतो तो ‘जोहर’ या यहुदी गूढवादी ग्रंथात, 13व्या शतकात. याजकाच्या या विधीत ख्रिस्ताचं प्रतीक शोधायचं तर ते नव्या करारातल्या इब्री 9 मध्ये आहे : पडदा, रक्त, वर्षातून एकदाच प्रवेश.