कलालाऊच्या वाटेचा परवाना: पुण्यातून अर्ज कसा करायचा

हवाईतल्या काउआई बेटावर ना पाली किनाऱ्याने जाणारी कलालाऊची पायवाट एका बाजूने 11 मैल, म्हणजे साधारण 18 किलोमीटर आहे. जाताना उजव्या हाताला पॅसिफिक, डाव्या हाताला दाट ओलं जंगल आणि सरळसोट कडे. शेवटी कलालाऊची पुळण. तिथवर रस्ता पोचतच नाही. हरिश्चंद्रगड, राजमाची केलेल्या पुणेकराला ही चाल झेपते. घोळ होतो तो परवानग्यांचा क्रम चुकला की, म्हणून आधी तोच सांगतो.

परवानग्या तीन आहेत आणि तिन्ही वेगळ्या: अमेरिकेचा व्हिसा, मुक्कामाचा परवाना आणि वाटेच्या तोंडाशी, केए किनाऱ्यापर्यंत पोचण्याची सोय. विमानाचं तिकीट त्यानंतर. पैसे परत न मिळणारं तिकीट आधी काढून ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

सुरुवात व्हिसापासून. फिरायला जाणाऱ्यांसाठी बी1/बी2 हा प्रकार असतो. डीएस-160 हा ऑनलाइन अर्ज भरायचा, त्यात गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांची खातीही विचारतात. शुल्क 185 डॉलर, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हिसा केंद्रात जावं लागतं. पुणेकरांची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात होते. तारीख मिळायला कधी कधी कित्येक महिने लागतात. पुढच्या उन्हाळ्यात जायचं असेल तर अर्जाला आत्ताच बसा.

सोबत ठेवायचे कागद: भरपूर मुदत उरलेला पासपोर्ट, डीएस-160 ची पोचपावती, मुलाखतीच्या वेळेचं पत्र आणि दोन बाय दोन इंचांचा, चष्मा न घालता काढलेला फोटो. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्र, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं रजेचं पत्रही फाइलला लावा. अधिकारी यातलं काहीच पाहणार नाही, असंही होतं. त्याला खात्री हवी असते ती तुम्ही परत येणार याची. ‘काउआईला ट्रेक करायचा आहे, इतके दिवस, खर्च माझा’ हे खरं उत्तर पुरेसं असतं. पाठ केलेली भाषणं नकोत.

आता मुख्य परवाना. वाटेवर दोन मैलांवर हानाकापिआईचा किनारा लागतो. तिथवर जाऊन त्याच दिवशी परतणार असाल, तर फक्त वाटेच्या तोंडाशी असलेल्या हाएना उद्यानाचा प्रवेश आरक्षित करायचा. हे आरक्षण 30 दिवस आधी खुलं होतं. हानाकापिआईच्या खोऱ्यापलीकडे पाऊल टाकायचं, तर मुक्काम करणार नसलात तरी मुक्कामाचा परवाना लागतोच. इथे अनेकांचा गैरसमज होतो. हवाईबाहेरच्यांना माणशी, दर रात्रीचे 35 डॉलर पडतात आणि जास्तीत जास्त पाच रात्री मिळतात.

हा परवाना हवाईच्या राज्य उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर 90 दिवस आधी खुला होतो. 1 जूनच्या रात्रीसाठी 3 मार्चला. हवाईत मध्यरात्री तारीख बदलते तेव्हा पुण्यात त्याच तारखेचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तिथे घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. हे आपल्या फायद्याचं आहे: तिथले लोक जागरण करतात, आपण जेवण उरकून लॅपटॉपपुढे बसतो. उन्हाळ्याच्या तारखा मात्र मिनिटांत संपतात. खातं आधी उघडून ठेवा, सगळ्यांची नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगनुसार लिहून ठेवा, कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बँकेत पाहून घ्या. हा परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका.

परवाना हाती आला की हाएनाचा प्रवेश त्यातच येतो, पण गाडी लावायची जागा येत नाही. ती वेगळी आरक्षित करावी लागते, नाहीतर शटल बसचं तिकीट काढावं लागतं. एप्रिल 2018 च्या पुरात हा रस्ता आणि उद्यान बंद पडलं. ते 2019 च्या जूनमध्ये पुन्हा उघडलं, तेव्हापासून गर्दीवर मर्यादा घातलेली आहे.

परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच. ताम्हिणीत ओढ्याला अचानक लोंढा येतो तसाच हानाकापिआईच्या ओढ्यालाही येतो, आणि पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबावं लागतं. त्या किनाऱ्यावर पोहायला उतरू नका, समुद्राची ओढ जीवघेणी आहे. पिण्याचं पाणी उकळून किंवा गाळून-शुद्ध करूनच प्या, लेप्टोचा धोका आहे. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो बेटावरच घ्यावा लागतो. परवान्याच्या दोन छापील प्रती पासपोर्टसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. वाटेवर मोबाइलला रेंज नसते आणि वनरक्षक तपासणी करतात.