दाय

दाय : मूळ मालकाशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याच्या मालकीचे होते, ते. ही व्याख्या विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेतील असून तीनुसार खरेदीने वा दानाने मिळालेले धन दायात येत नाही. पुत्र, पौत्र व प्रपौत्र यांना जन्मतःच हक्क मिळतो तो ‘अप्रतिबंध’ दाय. मालक निपुत्रिक वारल्यावर भाऊ, चुलते इत्यादींकडे जातो तो ‘सप्रतिबंध’.

स्वत्व जन्माने येते की मालकाच्या मृत्यूने, हा या विषयातील मुख्य वाद. विज्ञानेश्वर जन्मस्वत्ववादी, तर ‘दायभाग’कार जीमूतवाहन उपरमस्वत्ववादी, वडील हयात असताना मुलाचा हक्क तो मानत नाही. विज्ञानेश्वर कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कार. १०७६–११२६) याच्या आश्रयाला होता. जीमूतवाहनाचा काळ मात्र विवाद्य असून अकराव्या ते पंधराव्या शतकापर्यंतची मते आढळतात. त्याच्याच ‘कालविवेक’ ग्रंथातील ज्योतिषविषयक उल्लेखांच्या आधारे धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी तो सु. १०९०–११३० असा धरला असून तोच अधिक ग्राह्य दिसतो. मग त्याने मिताक्षरा पाहिली होती काय, हा प्रश्न उरतोच. दोन्ही ग्रंथ जवळपास समकालीन ठरत असल्याने त्याने केलेल्या जन्मस्वत्वाच्या खंडनाचा रोख विज्ञानेश्वराहून जुन्या मताकडेही असू शकेल.

‘सपिंड’ (वारस ठरणारा जवळचा नातलग) या शब्दाच्या अर्थातही भेद आहे. मिताक्षरेत पिंड म्हणजे शरीर, म्हणून रक्ताची जवळीक निर्णायक. दायभागात तो श्राद्धातील पिंड, म्हणून मृताला पारलौकिक उपकार करू शकणारा वारस श्रेष्ठ. धनाबरोबर कुळाचे कर्तव्यही पुढे जावे, ही कल्पना येथे सर्वांत उघड दिसते. निपुत्रिक विधवेला दायभागानुसार एकत्र कुटुंबातही पतीचा हिस्सा मिळे. मिताक्षरेनुसार पती अविभक्त असल्यास तो उरलेल्या सहदायादांकडे (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क असलेल्या सहहिस्सेदारांकडे) जाई.

दायभाग मुख्यतः बंगाल व आसामात आणि मिताक्षरा बहुतेक उर्वरित भारतात प्रमाण मानली जाई. गुजरात, मुंबई व उत्तर कोकणात नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ (सतरावे शतक) विशेष मान्य होता. इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुकने १८१० मध्ये मिताक्षरेच्या दायविषयक भागाचे व दायभागाचे इंग्रजी भाषांतर एकत्र प्रसिद्ध केल्यावर न्यायालयांत त्यांचे वजन वाढले.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मध्ये लागू झाला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून त्यानंतर विवाह होणाऱ्या मुलींना सहदायादाचा हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. वडिलांचे कर्ज फेडण्याचे मुलाचे धार्मिक कर्तव्यही याच दुरुस्तीने, पुढील कर्जांपुरते, कायद्यातून गेले.