पोर्तो रिको: पाऊस भरपूर, नळ कोरडे

कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर पावसाची कमतरता नाही. एल युंकेच्या जंगलात तर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त कोसळतो. तरी ऐपत असलेली घरं साठवणीची टाकी बसवून घेतात, कारण नळाचा भरवसा नाही.

पूर्वी तिथली प्रत्येक नगरपालिका आपापली पाणीयोजना चालवायची. १९४१च्या कायद्याने वीज सरकारी महामंडळाकडे गेली, आणि रेक्सफर्ड टगवेल गव्हर्नर असताना १९४५च्या कायद्याने पाणी व सांडपाणी एका प्राधिकरणाकडे आलं. स्पॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून लोकांच्या तोंडी ते 'ट्रिपल ए'. आज बेटावरच्या ९५ टक्क्यांहून अधिक लोकांना तेच पाणी पुरवतं. मलवाहिन्या मात्र तेवढ्या पोचल्या नाहीत. अनेक घरं अजून सेप्टिक टँकवरच आहेत.

खरी गोम गाळात आहे. राजधानी सान हुआनची तहान भागवणारं काराइसो धरण १९५३चं. डोंगरउतारावरची माती वाहून येत गेली आणि चार दशकांत साठवणक्षमता निम्म्यावर आली. १९९४च्या दुष्काळात राजधानीत पाणीकपात झाली, तेव्हा कुठे गाळ उपसायचं मनावर घेतलं गेलं. २०१५मध्ये पुन्हा तेच: काही भागांत एक दिवस पाणी, मग दोन दिवस खडखडाट.

दरम्यान खासगीकरणाचा प्रयोगही झाला. १९९५ साली कारभार एका फ्रेंच समूहाच्या कंपनीकडे, २००२मध्ये दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे. २००४मध्ये सगळं परत सरकारकडे. मालकी तर कायम सरकारचीच होती, त्यामुळे गळक्या वाहिन्यांचा खर्च अखेर सरकारच्याच गळ्यात पडला. २००६मध्ये प्राधिकरणाने अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात जलप्रदूषणाचा गुन्हा कबूल केला आणि ९० लाख डॉलर दंड भरला.

२० सप्टेंबर २०१७ला मारिया चक्रीवादळ आलं. वीज गेली तसे पंप थांबले. लोक डोंगरातल्या झऱ्याला प्लास्टिकचा पाइप जोडून रस्त्याकडेला बादल्या भरत होते. दोरादो गावात तर विषारी प्रदूषणासाठी केंद्राच्या यादीत असलेल्या जागेतल्या विहिरीचं पाणीही लोकांनी नेलं. सरकारी वीज कंपनी त्याआधीच, जुलैत, दिवाळखोरीत गेली होती. पाणी प्राधिकरण कर्जबाजारी असूनही त्यातून वाचलं, हे विशेषच म्हणायचं. पुढे केंद्राने दुरुस्तीसाठी सुमारे ३.७ अब्ज डॉलर मंजूर केले. शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाण्याचं बिल मात्र अजूनही निघत नाही: काही गळतीत जातं, काही चोरीत, काही बिघडलेल्या मीटरमध्ये.