आधी माउंट बघा: डिजिटल कॅमेऱ्याच्या खरेदीमागचा जुना इतिहास

डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं की पहिली चौकशी मेगापिक्सेलची होते. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी करावी. बॉडी काही वर्षांत जुनी होते. तिच्या तोंडाशी असलेली धातूची कडी, जिच्यात लेन्स फिरवून बसवतात, ती मात्र आपल्याला दीर्घकाळ बांधून ठेवते. या कडीला माउंट म्हणतात आणि पुढचा बहुतेक खर्च तिच्याभोवतीच होतो. हे असं का झालं, त्याची मुळं फिल्मच्या काळात आहेत.

जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी वापरून २४ × ३६ मिमीची चौकट तयार केली. त्यांचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये लायपझिगच्या मेळ्यात आला आणि ती चौकट जगभर रूढ झाली. आज ‘फुल फ्रेम’ म्हणून जो सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप, महाग मिळतो, त्याचं माप हेच.

डिजिटलची सुरुवात फार लहान होती. कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर १०० × १०० बिंदूंचा, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचा होता. एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉन एफ३ च्या बॉडीला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून व्यावसायिकांसाठी कॅमेरा विकायला काढला. १९९९ च्या निकॉन डी१ पासून वृत्तछायाचित्रकार खऱ्या अर्थाने डिजिटलकडे वळू लागले.

डी१ चा सेन्सर मात्र पूर्ण चौकटीचा नव्हता. सिलिकॉनची चिप जितकी मोठी तितकी ती निर्दोष निघण्याची शक्यता कमी, आणि किंमत भरमसाट. म्हणून कंपन्यांनी १९९६ मध्ये आलेल्या एपीएस नावाच्या लहान फिल्मच्या एका चौकटीजवळचं माप घेतलं. त्यावरूनच आजचं एपीएस-सी. या लहान सेन्सरवर ५० मिमीची लेन्स साधारण ७५ किंवा ८० मिमीसारखं अरुंद दृश्य दाखवते. घरात सगळ्या कुटुंबाचा फोटो घ्यायला भिंतीला पाठ टेकवावी लागते ती यामुळे. बॉडीसोबत मिळणारी किट लेन्स १८-५५ मिमीचीच का, याचं उत्तरही इथेच आहे. कॅननने २००३ मध्ये हजार डॉलरच्या आत ३०० डी आणला तेव्हा सोबत ही लेन्स दिली. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरसाठी १.६ ने गुणलं की ती जवळपास २९-८८ होते, म्हणजे फिल्म कॅमेऱ्यासोबत मिळणारी नेहमीचीच झूम.

आता माउंट. निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला आणि ऑटोफोकस आल्यावरही तो बदलला नाही. फोकसची मोटर बॉडीत ठेवली आणि एका लहानशा दांड्याने लेन्स फिरवली. कॅननने उलटा निर्णय घेतला. १९८७ मध्ये ईओएस ६५० सोबत त्यांनी ईएफ माउंट आणला आणि १९७१ पासूनचा एफडी सोडून दिला. मोटर थेट लेन्समध्ये गेली, बॉडी आणि लेन्स यांच्यातला सगळा संवाद विजेचा झाला. एफडी लेन्सेस जमवलेल्यांना हा मोठा धक्का होता. एफडी लेन्स सेन्सरपासून किंवा फिल्मपासून ४२ मिमीवर बसायला हवी, ईएफचं अंतर ४४ मिमी. त्यामुळे मध्ये जास्तीची काच घातल्याशिवाय दूरवरचं दृश्य स्पष्ट येतच नव्हतं.

तरीही तांत्रिकदृष्ट्या कॅननचा निर्णय योग्य ठरला, असं मला वाटतं. निकॉनलाही शेवटी लेन्समध्ये मोटर द्यावीच लागली. २००६ च्या डी४० पासून स्वस्त बॉडींमधली मोटर त्यांनी काढून टाकली, आणि डी३००० व डी५००० मालिकांतही ती नाही. मुंबईत बोरा बझारात जुनी निकॉन लेन्स बघत असाल तर तिच्यावर नुसतं ‘एएफ’ आहे की ‘एएफ-एस’, हे वाचून घ्या. नुसती ‘एएफ’ असेल, म्हणजे लेन्समध्ये मोटर नसेल, तर या बॉडींवर फोकस हातानेच करावा लागेल.

ही सगळी अंतरं आरशामुळे ठरलेली होती. डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधलं दृश्य आरशातून डोळ्याला दाखवणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात, फोटो काढताना आरसा वर उचलला जायला जागा लागते. २००८ मध्ये पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनी मायक्रो फोर थर्ड्स या नव्या माउंटच्या कॅमेऱ्यांत आरसाच काढला, सोनीने २०१३ मध्ये ए७ मालिकेने तेच फुल फ्रेममध्ये केलं, आणि २०१८ मध्ये निकॉन झेड व कॅनन आरएफ हे माउंट आले. एफचं ४६.५ मिमी अंतर झेडमध्ये १६ मिमीवर आलं. मोकळ्या झालेल्या जागेत अडॅप्टर (दोन माउंट जोडणारी कडी) बसतो, म्हणून १९७१ ची एफडी लेन्सही आज अशा बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यावर दूरवर फोकस करते. मात्र एफ लेन्स झेडवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे जुन्या ‘एएफ’ लेन्सची अडचण तिथेही कायम आहे.

कार्डांचा गोंधळ सुदैवाने मिटला आहे. सोनीची मेमरी स्टिक आणि ऑलिंपस-फुजीफिल्मचं एक्सडी मागे पडलं, १९९९ मध्ये जाहीर झालेलं एसडी टिकलं. व्हिडिओ करणार असाल तर कार्डावर व्ही३० ची खूण बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. ट्रायपॉडचा पाव इंची स्क्रू तर फिल्मच्या काळापासून तोच आहे, त्यामुळे जुना मजबूत ट्रायपॉड बिनधास्त घ्या.

आपल्याकडे एक खर्च टाळू नये: कोरड्या पेटीचा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि काचेवरचा लेप खराब होतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारी पेटी, नाहीतर निदान हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. जुनी लेन्स घेतानाही मागून मोबाइलचा टॉर्च मारून आतली काच नीट बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका.