पाढ्यांमागचा बाजार

दुसरीच्या मुलाला गुणाकाराची ओळख करून देताना आधी पाढे पाठ करून घ्यावेत, की आधी गुणाकार म्हणजे काय हे समजावून द्यावे, हा वाद मराठी घरांत आणि शाळांत आजही चालतो. पाढे मुळात कोणत्या कामासाठी रचले गेले आणि ते काम केव्हा संपले, हे ध्यानात घेतले म्हणजे या वादाचा बराचसा उलगडा होतो.

इंग्रजी अमदानीतल्या सरकारी शाळा येण्यापूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. मूल धूळपाटीवर अंक गिरवी, आणि एक मुलगा पुढे सांगणार व बाकीचे मागून म्हणणार अशा रीतीने पाढे घोकले जात. संध्याकाळी दिवेलागणीला घरी परवचा होई. त्यात श्लोक, तिथी, नक्षत्रे आणि महिने यांच्याबरोबर पाढेही म्हटले जात. कागद महाग आणि छापील पुस्तक जवळजवळ नाहीच, अशा काळात स्मरणशक्ती हीच मुलाची वही होती.

मात्र हे पाढे केवळ दोन ते तीस असे पूर्णांकांचे नव्हते. त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी होती. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. सात-आठ वर्षांच्या मुलाला अपूर्णांकांचे पाढे का शिकवावेत, असा प्रश्न आज पडतो. त्या काळी तो पडत नसे, कारण बाजारच पाव-अर्ध्यावर चालत असे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. रुपयाचा पाव हिस्सा ती पावली, अर्धा ती अधेली, आणि आण्याचा पाव हिस्सा तो पैसा. वजनांतही पावशेर, अच्छेर, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी अशीच उतरंड होती.

एखादी वस्तू साडेतीन आणे शेर असेल आणि बारा शेर घ्यायची असेल, तर औटकी पाठ असलेला मुलगा तिच्या बाराव्या पायरीवर जाऊन बेचाळीस आणे म्हणे, त्यातले बत्तीस आण्यांचे दोन रुपये बाजूला काढी आणि दोन रुपये दहा आणे असा हिशेब तोंडी सांगून मोकळा होई. या पाठांतराला अर्थ नव्हता असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अर्थ पाढ्याच्या शब्दांत सांगितलेला नसे, तो मुलाच्या हातातल्या नाण्यात आणि दुकानातल्या तराजूत असे.

खरे तर तो शब्दांतही होता, पण आता तो ऐकू येत नाही. ‘दुणे’ हा शब्द ‘द्विगुण’वरून आला, ‘त्रिक’ म्हणजे तिघांचा समूह, ‘चोक’ हे ‘चतुष्क’चे रूप. संस्कृतात ‘गुण’ म्हणजे धागा किंवा पेड, आणि द्विगुण म्हणजे दोन पेडांचा, दुप्पट. ‘बे दुणे चार’ यात दोनाची दुप्पट केल्याचे सरळ विधान आहे. ‘औट’ हा शब्द तर ‘अर्धचतुर्थ’ याचे झिजलेले रूप आहे: तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारात तो टिकून राहिला. औटकी मात्र गेली.

पाठांतराच्या जोडीने गुणाकाराच्या रीतींचा विचारही या प्रदेशात जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यास, गुणाकाराचे पहिले उदाहरण १३५ गुणिले १२ असे आहे आणि ते सोडवण्याच्या एकाहून अधिक रीती दिल्या आहेत. बाराचे आठ आणि चार असे तुकडे करून दोन गुणाकारांची बेरीज घ्यावी. किंवा बारा म्हणजे तीन गुणिले चार, म्हणून आधी एकाने आणि मग दुसऱ्याने गुणावे. किंवा वीसने गुणून आठपट वजा करावी. कोणत्याही रीतीने उत्तर १६२० येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. पण ही विद्या संस्कृत जाणणाऱ्यांची होती. पंतोजीच्या शाळेतील मुलापर्यंत पाढे पोहोचले, या रीती बहुधा पोहोचल्या नाहीत.

१८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची इंग्रजी पुस्तके मराठीत आणली आणि छापील गणिताचा काळ सुरू झाला, तरी पाढे आणि पावक्या अंकलिपीच्या आधारे पुढे शतकभर टिकल्या. त्यांचा पाया सुटला तो १ एप्रिल १९५७ रोजी, जेव्हा रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ किलो आणि ग्रॅम आले. साडेतीन आण्यांचा हिशेबच उरला नाही, त्यामुळे औटकी आणि पाऊणकी शाळेतून हळूहळू नाहीशा झाल्या. पूर्णांकांचे पाढे राहिले, पण ज्या बाजाराने त्यांना अर्थ पुरवला होता तो पूर्वीसारखा मुलाच्या रोजच्या हाताळणीत राहिला नाही. पाठांतर कोरडे झाले ते येथून, असे माझे मत आहे.

अर्थ वर्गात आणण्याचा प्रयत्न दुसऱ्या दिशेने आधीच सुरू झाला होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि साधने हाताळत शिकण्याची माँटेसरी पद्धत येथल्या मुलांपर्यंत आणली. १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले वापरले. मोजायच्या वस्तू हातात असल्या की त्यांच्या सारख्या रांगा मांडता येतात, आणि चारचार खड्यांच्या तीन रांगा म्हणजे बारा हे मूल स्वतः पाहते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही यांत्रिक रीतींपेक्षा गणिती विचारावर भर दिला.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ अशीही संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला आणि त्याचे पडसाद विधिमंडळातही उमटले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलांना जड जाणाऱ्या जोडाक्षरी संख्यानामांचा होता. या वादाचा पाढ्यांशी थेट संबंध आहे: ‘आठ चोक बत्तीस’ म्हणताना आधी दोनाचा उच्चार होतो आणि लिहिताना तीन आधी येतो, ही अडचण लहान मुलाला पाढा लिहिताना ओळीगणिक भेडसावते.

आज अनेक शिक्षक मांडणी आणि पाठांतर दोन्ही एकत्र चालवतात. ‘आठ साते’ला अडलेल्या मुलीला ते उत्तर सांगत नाहीत. आठ पंचे तिला येते का, असे विचारतात. ती चाळीस म्हणते. मग आठ दुणे सोळा म्हणते. खड्यांच्या पाच रांगांखाली आणखी दोन रांगा सरकवते आणि मोजून पाहते तो छप्पन. सातचे पाच आणि दोन असे तुकडे करण्याची ही रीत ‘लीलावती’तल्या बाराच्या आठ आणि चार या तुकड्यांसारखीच आहे.